भरिताचा फोटो

दिपमाला जेवली की नाही, या एका काळजीनं सारिका पार पिचून गेली होती. पोरगी सोळा वर्षांची, अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. पोरीचं पोट मात्र मोबाइलमधले फोटो बघूनच भरायचं. वाटीत रचलेली चार फळं, वर चिमूटभर बिया, झालं जेवण! आईच्या भाजीला नाक मुरडून म्हणायची, "आई, हे दिसतं कसं बघ ना." सारिकानं तेही करून पाहिलं. काकडीची फुलं कापली. काकडी गेली, पोळी तशीच परत आली.

शेवटी तिनं भुसावळच्या भावाला, स्वप्नीलला फोन केला. शेतातल्या भरीत पार्टीचे झकास फोटो टाक म्हणाली, भाचीला दिसतील असे. त्यानं टाकले. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात भाजणारी हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या टम्म पुऱ्या.

दुसऱ्याच दिवशी दिपमाला म्हणाली, "आई, आपण पण गच्चीवर करू या ना भरीत."

सारिकाला रडूच यायचं बाकी होतं. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

रविवारी गच्चीवर जाळ केला. धुरानं डोळे चुरचुरले. भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून ती कुटायला बसली. खांदा भरून आला. "आई, परत एकदा कुट ना, व्हिडिओ हलला." तिनं परत कुटलं. दहादा सांगितलं असतं तरी कुटलं असतं.

केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, कांद्याची पात मांडून झाली. दिपमालानं घास तोंडापाशी नेला आणि म्हणाली, "आता काढ."

काळ्या बोटांनी सारिकानं फोटो काढला. पोरीच्या ओठांशी घास तिनं कित्येक महिन्यांनी पाहिला होता. तिनं उगाच आणखी दोन काढले. मग दिपमालानं घास पानावर ठेवला, मोबाइल घेतला. "गार झालं गं. आणि तेल किती!" म्हणत ती जिना उतरून गेली.

सारिकानं ते पान स्वतःच संपवलं, उभ्या उभ्या. भरीत फर्मास झालं होतं, हेच मेलं जास्त लागलं.

संध्याकाळी स्वप्नीलचा फोन आला. भाचीचा फोटो त्यानं पाहिला होता. खाली तिनं लिहिलं होतं, 'आईच्या हातचं, पोटभर!' तीनशेवर लोकांनी लाल बदाम दिले होते. तो खुशीत होता.

"अक्का, देखा मी फोटो! आते जेवस ना पोर?"

आतल्या खोलीत दिपमाला पडल्या पडल्या बदाम मोजत होती. सारिकानं दाराशी जाऊन तिच्या काडीसारख्या मनगटाकडे पाहिलं.

"जेवस रे," ती म्हणाली. "पोटभर जेवस."