निवारणबाबूंनी न काढलेले डोळे

दुसऱ्याच्या रूपावर ज्याची कला उभी आहे, त्याने त्या माणसाला निदान एकदा तरी विचारावे की, तुला स्वतःला कसे दिसायचे आहे? निवारण पाल यांनी हा प्रश्न बावीस वर्षांत विचारला नाही. शेवटी तरुबालेलाच तो काढावा लागला.

कलकत्त्याच्या एका कलाशाळेत ती चित्रासाठी बसू लागली, तेव्हा नुकतीच विधवा झाली होती. निवारणबाबू तेथे शिकवीत. कुमारटुलीतील मूर्तिकारांच्या घरात जन्मून त्यांनी माती सोडली व रंग हाती धरले, म्हणून वडिलांनी त्यांच्याशी अखेरपर्यंत अबोला धरला होता. त्यांच्या प्रत्येक चित्रात तरुबालाच असे. कधी कमरेवर घागर घेतलेली, कधी केस सोडून दारात उभी. डोळ्यांची जागा मात्र कोरी. जाणकार त्या कोरेपणाला नवी चित्रभाषा म्हणत. प्रदर्शनातली गर्दी पांगली की तरुबाला हळूच आत जाई आणि भिंतीवरच्या त्या स्त्रीसमोर उभी राही. ती स्त्री तिच्याकडे कधीच पाहत नसे.

आज तिची अखेरची बैठक. गुडघे आता तासभर एका आसनात राहू देत नव्हते. उद्या ती काटव्याला भाचीकडे कायमची जाणार होती.

"मान जरा डावीकडे. हां. हलू नकोस."

"बावीस वर्षं हेच ऐकतेय, दादाबाबू. यमदूत आला तरी त्याला म्हणाल, थांब रे, खांद्याची सावली राहिलीय."

निवारणबाबू हसले. "तुझ्यासारखी स्थिर कुणी बसत नाही, तरू."

"ते राहू द्या. माझे डोळे इतके वाईट आहेत का? तिरळी आहे मी?"

"कोण म्हणतं?"

"तुमची चित्रं म्हणतात. गल्लीतल्या बायका विचारतात, तुझ्या बाबूंचा काळा रंग संपला का गं? मी हसते, अन् घरी येऊन आरशात बघते." तिचा स्वर उतरला. "जायच्या आधी एकदा तरी तिला माझ्याकडे बघू द्या ना."

कुंचला थांबला. निवारणबाबू तो फडक्याने पुसू लागले.

"आमच्याकडे देवीला डोळे सगळ्यांत शेवटी देतात. बाबा त्या दिवशी उपाशी असायचे. डोळे उघडले की ती आमची राहायची नाही. चार दिवस मंडपात, मग गंगेत. मी दर वर्षी रडायचो." ते घुटमळले. "वाटलं, तुला डोळे दिलेच नाहीत, तर तू जायची नाहीस."

असे काही ऐकावे म्हणून तरुबालेने किती दुपारी मान न हलवता काढल्या होत्या, ते तिचे तिलाच ठाऊक. आणि ते शब्द आले, ते गाठोडे बांधून झाल्यावर.

"वेडे आहात," ती म्हणाली. "मी काय मातीची आहे? डोळे न देताही उद्या जातेच आहे ना!"

ते उठले, हातपाय धुऊन आले आणि काळ्या रंगात त्यांनी कुंचला बुडवला.

"इकडे बघ. माझ्याकडे."

इतक्या वर्षांत बैठकीला बसून ती भिंतीकडेच पाहत आली होती. आता तिने त्यांच्याकडे पाहिले, आणि दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत दृष्टी हलवली नाही.

ज्याने त्या दृष्टीला इतकी वर्षे अडवून धरले, त्याला तिचा वियोग सोसण्याचे बळ लाभो. आणि काटव्याच्या अंगणात तरुबालेचे उरलेले दिवस शांततेचे जावोत.