तुळशीच्या अर्जावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीच्या टेबलावर, शाईच्या डबीशेजारी माझा मुक्काम. माणगावच्या एका कारागिराने सागवानी मूठ बसवून मला घडवलं. तेव्हा तो म्हणाला होता, "याचा मान चेअरमनपेक्षा मोठा." मी फुशारलो. मान वगैरे काही नसतो, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

कामात मात्र मी कधी कमी पडलो नाही. होड्यांचे परवाने, डिझेलचे फॉर्म, वादळात छपरं उडाली तेव्हाचे दाखले, सगळीकडे मी उमटलो. "शिक्का हाय ना? मंग झालं!" म्हणत लोक कागद कपाळाला लावून न्यायचे. मीही फुगून बसायचो.

मासळी वाळत घालायच्या जागेला आमच्याकडे खळं म्हणतात. खळी सोसायटीची, पण सभासदाच्या नावाने मिळतात आणि सभासद गेला की वारसाकडे जातात. धक्क्यालगतचं खळं विनिताच्या नावावर होतं. ती आणि तुळशी अठरा वर्षं एका घरात राहत होत्या, एकमेकींच्या होऊन. हंगामाच्या पहिल्या दिवशी नवरा-बायको जोडीने खळ्यावर नारळ फोडतात, तसा या दोघी फोडायच्या. गाव ते खोबरं मिटक्या मारत खायचं. कुणाच्या पोटात कधी दुखलं नाही.

मग विनिताला कॅन्सर झाला आणि तुळशी अर्ज घेऊन आली. वारस म्हणून आपलं नाव आणि नात्याच्या रकान्यात 'जोडीदार', एवढंच तिचं मागणं. नाहीतर खळं विनिताच्या भाच्याला, गणराजला जाणार होतं. तुळशीचं पोट त्याच खळ्यावर होतं.

चेअरमन अनंता तसा भला माणूस. तो म्हणाला, "मोठ्या कोर्टानं अशा जोडीच्या लग्नाचं संसदेवर सोडलंय. पन रेशनकार्डावर अशा जोडीला एकच घर धरा, असं सरकारचंच पत्र हाय. मंग आपल्या सोसायटीला कोन अडवतंय? मी येत्या सभेत ठराव आनतो." तुळशीने पदर डोळ्यांना लावला. मला तर कधी एकदा उमटतो असं झालं होतं.

पण सभेनंतर पंधरा दिवसांनी सोसायटीची निवडणूक होती आणि गणराजच्या भावकीशिवाय अनंताचं पॅनल येणार नव्हतं. भावकी म्हणाली, दोघींनी राहावं, नारळही फोडावा, फक्त तो शब्द कागदावर नको. चहा झाला, बिस्किटं झाली आणि सर्वांच्या सोयीचा तोडगा निघाला. नाते: मदतनीस. विनिता जिवंत असेपर्यंत तुळशीला खळ्यावर काम करण्याची मुभा. सभेने टाळ्या वाजवल्या.

"मदतनीस?" तुळशी म्हणाली. "अनंतादादा, अठरा वरसं मी तिच्याकडं पगारी व्हते?"

"तुळशे, समजून घे गो. आज एवढं तरी पदरात पाडून घे. पॅनल फुटलं तर ह्ये पन जाईल."

त्याने मला उचललं. निदान पुसट तरी उमटावं म्हणून मी धडपडलो, पण अनंता जोर लावून दाबणारा माणूस. मी गोल, ठळक उमटलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अनंता निवडणूक जिंकला.

होळीनंतर विनिता गेली. तेरावं झालं आणि गणराज खळ्याचा ताबा मागायला आला. तुळशीही आली, कारण ताबा सोडणाऱ्याची सही लागते. अनंता फॉर्म भरत होता. 'मयताशी नाते' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. त्याला वर बघवेना.

"थांबलास कशाला, दादा?" तुळशी शांतपणे म्हणाली. "लिव ना मदतनीस. सभेत ठरलंय."

त्याने लिहिलं. तिने सही केली आणि तिच्या सहीशेजारी पुन्हा मीच उमटलो.

मित्रांनो, माझं रबर आता झिजलंय, मुठीवर धूळ साचते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उद्या तुमच्यातलं कुणीतरी त्या खुर्चीत बसेल. तेव्हा मला उचलण्याआधी कागदावर काय लिहिलंय, ते ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या तोंडाकडे बघून मोठ्याने वाचा. वाचायला जीभ रेटली नाही, तर मला खाली ठेवा. मला नाही म्हणता येत नाही, बाळांनो. तुम्हाला येतं.