न शिजणारा राजमा

“खोट या भांड्यातच आहे!” वर्ना माझ्यावर वाकून पुटपुटली आणि तिने झाकण आपटलं.

मित्रांनो, मी एक जुनं बिडाचं भांडं आहे. वर्नाची सासू, ओझीत, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या या खाडीकाठच्या घरात लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या आईने मला तिच्यासोबत दिलं. तेव्हापासून सोमवार माझा. सोमवार धुण्याचा दिवस. म्हणून सकाळीच माझ्यात राजमा, कांदा, ढोबळी मिरची आणि डुकराचं धुरावलेलं हाड घालून मला मंद आचेवर चढवायचं. कपडे वाळेपर्यंत राजमा लोण्यासारखा होई. शेजारी ताटलीत भात घेऊनच येत. आता शेजारची तीन घरं रिकामी आहेत.

यंदा राजमा शिजेनासा झाला. रात्रभर भिजवा, पाच तास उकळा, दाणे आपले टणकच. वर्नाने दुकान बदललं, मीठ घालणं सोडलं. मला घासलं, तेल चोळून तापवलं, तरी दोन दिवसांत माझ्या पोटात गंज. बुडाशी पांढरा थर साचत होता. मला सगळं कळत होतं, पण भांड्याला तोंड असतं ते वाढण्यापुरतं.

त्या सोमवारी तिघं जेवायला बसली. वर्नाचा नवरा अल्सीद कडकड दाणे फोडत म्हणाला, “दात मजबूत होतील माझे.”

“मग उद्या खिळे शिजवते.”

“हाड फार खारट होतं वाटतं.”

“हाड घातलंच नव्हतं, अल्सीद.”

त्याने पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. दोघंही ओझीतकडे बघेनात. घरातलं पाणी अंगणातल्या विहिरीचं, आणि ती विहीर तिच्या नवऱ्याने खणलेली. नवरा पलीकडेच ओकच्या झाडाखाली पुरलेला.

माझा जीव टांगणीला लागला होता. मित्रांनो, माझा गंज घासून निघतो. पण तेच पाणी रोज या माणसांच्या पोटात जात होतं. आपल्या माणसांची काळजी घ्यायची, तर कधीतरी बोलायलाही हवं ना?

ओझीतने चमचा खाली ठेवला.

“माझ्याकडे बघा दोघं. विहिरीत समुद्र शिरलाय. तुम्ही माझ्यासाठी गप्प, मी तुमच्यासाठी. पोरांनो, आता हे घर सोडायचं.”