रस्ता ओलांडायचा निधी

बाबा रस्त्यात गेले नाहीत, रस्त्याच्या कडेला गेले. या फरकामुळे आमच्या बसथांब्यासमोरचा सिग्नल अडला आहे, हे आम्हाला निधीवाल्या साहेबांनी घरी येऊन समजावलं.

आमचं घर हायवेच्या अलीकडे. बसथांबा, दवाखाना, किराणा, दूध, सगळं पलीकडे. या अख्ख्या हायवेच्या सुधारणेसाठी विभागाला मोठा निधी आला होता. गाड्यांसाठी जास्तीच्या मार्गिका कुणी न मागताच मंजूर झाल्या. पायी चालणाऱ्यांसाठी जे उरलं, ते मात्र गुणांवर वाटायचं होतं. जिथे अपघातात माणूस मेला, त्या जागेला सगळ्यात जास्त गुण. आमच्या थांब्यासमोर कुणीच मेलेलं नव्हतं. इथली माणसं जिवाच्या आकांताने पळतात आणि पोचतात. एवढ्या चपळाईचा असा तोटा होईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्म्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं आणि निम्म्या गावाच्या शिव्या खाल्ल्या. स्वतः रस्ता ओलांडताना ते दोन्ही बाजू साफ मोकळ्या होईपर्यंत हलत नसत. त्या सकाळी आईची औषधं आणायला निघाले, कडेला उभे राहिले, गाड्या थांबेनात, म्हणून कठड्यावर टेकले आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. लोकांना वाटलं, मास्तर नेहमीसारखे वाट बघतायत. बराच वेळ कुणी त्यांना हलवलंही नाही.

साहेब भला माणूस होता. मळकी फाइल मांडीवर, बूट दाराबाहेर, आवाज दवाखान्यात बोलावा तसा. त्याने इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, की मास्तरांचा एक पाय रस्त्यावर होता, असं म्हणता येईल का. एखाद्या गाडीचा ओझरता धक्का वगैरे. घरच्यांनी तसा जबाब सही करून दिला, तर नोंद दुरुस्त करायला अर्ज करता येईल आणि जागा यादीत बसेल.

काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ते म्हणाले, दादाने जिवंतपणी कधी कुणाला लिफ्टसुद्धा दिली नाही, आता अख्ख्या गावाच्या उपयोगी पडत असेल तर पडू दे की.

मला सही करायची होती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून तीनदा तिला पलीकडच्या दवाखान्यात व्यायामाला जायचं असे आणि माझी नोकरी दुसऱ्या शहरात. ती काठी टेकत तो रस्ता ओलांडतेय, हे चित्र मला झोपू देत नव्हतं. त्यापुढे बाबांना कागदावर एका ट्रकखाली ढकलायला मी मागेपुढे पाहिलं नसतं. मी पेन उघडलंसुद्धा.

"गाडीखाली? ते?" आई म्हणाली. "अहो, रस्ता मोकळा असला तरी ते माझा दंड धरून उभे राहायचे. समोरून बस निघून जायची. ते गाडीखाली आले, असं मी लिहून देऊ? त्यांचे विद्यार्थी हसतील."

मग तिने चहाचा विषय काढला. घरात दूध नव्हतं. थांब्याजवळच्या टपरीवर घेऊ, जागाही पाहून होईल, असं म्हणून ती काठी शोधायला लागली.

आम्ही चौघं कडेला येऊन उभे राहिलो. कंटेनर गेला, दोन बस गेल्या, मोटरसायकलींचा एक थवा गेला. साहेबाने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. मग कपाळ पुसून त्याने ड्रायव्हरला खूण केली. आम्ही सगळे सरकारी जीपमध्ये बसलो, पार उड्डाणपुलापर्यंत गेलो, पुलाखालून वळलो आणि पलीकडच्या बाजूने परत आलो. वाटेत काका म्हणाले, समोर दिसणाऱ्या टपरीपर्यंत प्रवास करणारा मी पहिलाच माणूस असेन. कुणी हसलं नाही. ड्रायव्हर तेवढा खोकला.

चहा आल्यावर आईने विचारलं, "तुम्ही का नाही ओलांडलात?"

साहेबाने कपाकडे पाहिलं. "भीती वाटली."

"मग तेवढंच लिहा."

"त्याला रकाना नाही हो, मावशी."

"माझ्या नवऱ्याला मारायला आहे?"

साहेबाने चहा संपवला, फाइल उघडली आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेऱ्याच्या जागी लिहिलं, की सदर ठिकाणी अधोस्वाक्षरीकर्त्यास रस्ता ओलांडता आला नाही, वाहनाने जावे लागले. त्याने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने अधोस्वाक्षरीकर्ता म्हणजे खाली सही करणारे तुम्हीच ना, हे विचारून खात्री करून घेतली. साहेब म्हणाला, यावरून वरचे लोक माझी टिंगल करतील, पण शेरा खोडायचा अधिकार त्यांना नाही.

टिंगल झालीच. मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, साहेबांना बोट धरून न्यायला माणूस द्या. पण हसून झाल्यावर अध्यक्षांना विचारावं लागलं, की मग तिथे बाकीचे लोक काय करतात. दुभाजकावरच्या शोभेच्या दिव्यांचे पैसे कापून आमच्या थांब्याला सिग्नल मिळाला.

मंजुरीची यादी विभागाच्या कार्यालयाबाहेर लागली, तेव्हा काकांनी तिथूनच फोन केला. आमच्या जागेपुढे अपघाती मृत्यू शून्य, असं लिहिलंय म्हणाले. "दादा शून्य मार्क मिळवून पास झाला बघ."

मी आईला सांगितलं. तिने मान हलवली, बरोबर लिहिलंय म्हणाली, आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. मी मात्र खूप हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.