हाराचे हुक

शिडाची जुनी फायबरची बोट धक्क्यावर आदळली आणि डोलकाठी डेकमध्ये खचली, तेव्हा सुकाणू भार्गवीच्या हातात होतं. बंगळूरच्या हलसूर तलावावर मुलांना बोट चालवायला शिकवणारे अप्पासाहेब तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही बोट आहे, लुना नव्हे." तिच्या आईलाही त्यांनी गेटपाशी गाठून सांगितलं होतं, की पोरगी निष्काळजी आहे, सध्या तिला पाण्यात सोडणार नाही.

तरी दुरुस्तीच्या रविवारी भार्गवीच सगळ्यांच्या आधी हजर झाली.

अप्पासाहेबांनी तिच्या हातात लाकडी हातोडी दिली आणि समजावलं. वर फायबर, खाली फायबर, मधे प्लायवूड, असं हे डेक. आतलं लाकूड कोरडं असलं की आवाज खणखणीत येतो, ओलं असलं की बद्द. बद्द वाजेल तिथं खडूनं खूण करायची. ती इंचही न सोडता ठोकत गेली.

"अज्जा, धडकली तिथं चांगलं वाजतंय," ती अप्पासाहेबांना म्हणाली. "काठीजवळ मात्र सगळं बद्द."

डोलकाठीच्या बुंध्याभोवती खडूचं मोठं वेडंवाकडं वर्तुळ झालं होतं. त्याच्या मधोमध दोन पितळी हुक होते.

ते अप्पासाहेबांनीच बसवलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, रिक्षांपासून लेथ मशिनपर्यंत सगळ्यांना हार चढतात, मग बोटीचा हार नीट टांगायला नको? एका वर्षी ऐन पूजेच्या सकाळी त्यांनी घाईघाईत स्क्रू पिळले होते. भोक पाडलं की आधी ते रेझिननं बंद करायचं, नाहीतर आतल्या लाकडात पाणी मुरतं, हा धडा ते मुलांकडून घोकून घेत. त्या दिवशी कोहळा फुटला, प्रसाद वाटला, आणि भोकं तशीच राहिली.

त्यांनी वरचं फायबर कापून उचललं. आतलं लाकूड काळं पडून चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं. हुकांचे स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले.

भार्गवी वाकून बघत होती. "मी जोरात धडकवली म्हणून एवढं कुजलं?"

हो म्हटलं असतं तर तिनं ते मान्य केलं असतं. अप्पासाहेब क्षणभर गप्प राहिले. ते गप्प राहणंच त्यांना नंतर जास्त बोचलं.

"नाही गं. कुजायला वर्षं लागतात. हुक मी लावले आणि भोकं बुजवली नाहीत. काठी माझ्यामुळे खचली."

बाकीची मुलं आल्यावर त्यांनी हुक सगळ्यांच्या हातात फिरवले आणि तेच पुन्हा सांगितलं. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. मग सगळी मिळून कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडत बसली.

दुपारी गेटबाहेर आईच्या कायनेटिकचा हॉर्न वाजला. भार्गवीनं हात पुसले, पण ती निघाली नाही.

"आईला पण सांगाल?" तिनं खाली बघत विचारलं. "ती घरी सगळ्यांना तेच सांगते, मी निष्काळजी आहे म्हणून."

अप्पासाहेबांनी हुक खिशात टाकले आणि ते तिच्यापुढे गेटकडे चालू लागले.