तळघरात कोण उतरलं होतं

अंबादासनं कडी काढली, पण दार अर्धंच उघडलं. बाहेर कालचाच माणूस उभा होता, खांद्याला कापडी पिशवी.

"जय भीम, काका. मी प्रितम. गुणवंत मेश्रामचा मुलगा, भंडाऱ्याहून आलो. काल काकू म्हणाल्या, तुम्ही भेडाघाटला गेले."

भेडाघाट कसलं! काल अंबादास आतल्या खोलीत श्वास रोखून बसला होता. म्हणजे त्याच्या फुप्फुसांना जेवढा रोखता येतो तेवढा. अडतीस वर्षांत गुणवंतच्या घरचं कुणी चेरीतालच्या या वस्तीकडे फिरकलं नव्हतं. आता पोरगा आला होता आणि पिशवी छातीशी धरून होता. काय असेल तिच्यात? वकिलाची नोटीस?

"अच्छा. ये," तो नाइलाजानं म्हणाला.

कलावतीनं चहा ठेवला आणि प्रत्येक पाहुण्याला सांगायची तेच नवऱ्याचं कौतुक सुरू केलं.

"इराणात गॅसचे बॉम्ब पडले तवा तुझ्या बाबासाठी हे तळघरात उतरले. तवापासून पहा, जिना चढवत नाही, उन्हात डोळे उघडत नाही."

याच गोष्टीसाठी वस्ती दर चौदा एप्रिलला अंबादासच्या खांद्यावर शाल टाकायची. त्यातली एकही त्यानं पुन्हा अंगावर घेतली नव्हती; सगळ्या कोपऱ्यातल्या पेटीत पडून होत्या.

"काका, तेव्हा कोण कुठं होतं?" प्रितमनं विचारलं. आवाज मऊ होता, आणि अंबादासनं त्याचाच धसका घेतला.

"काहून विचारून राहिला?"

"आई मागच्या महिन्यात गेली. मला माहीत असावं म्हणून."

इराण-इराक लढाईच्या त्या वर्षी दोघं सीमेजवळच्या एका गावात पुलाच्या कामावर होते. विमानं आली की तळघर गाठायचं, हे अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी अंबादास गच्चीवर कपडे वाळत घालत होता. गुणवंतला खाली पळ म्हणून ओरडला तो अंबादासच. हा वायू हवेहून जड असतो, खालीच साचतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक? विष दोन प्रकारचं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. एकानं खालची माणसं जागीच गेली. दुसरं भिंतींना चिकटून राहिलं, आणि तासाभरानं खाली उतरलेल्या अंबादासच्या अंगावर संध्याकाळपर्यंत फोड उठले.

प्रितमचा हात पिशवीवरून हलत नव्हता. पोराला सगळं ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडून वदवून घेतोय, अशी अंबादासची खात्रीच पटली. चोराच्या मनात चांदणं.

"कलावती, तू आत जा."

ती हलली नाही.

"मी तुझ्या बाबासाठी नव्हतो उतरलो," तो प्रितमला म्हणाला. "माझा पासपोर्ट खाली पेटीत होता. त्याच्याबिगर घरी कसा येणार होतो? तुझा बाबा जिन्यातच पडून होता, गेलेला. मी त्याला ओलांडून खाली गेलो. पेटी उघडी होती, पासपोर्ट नव्हता. पुन्हा त्याला ओलांडून वर पळालो. घरी आलो तो वकिलातीच्या कागदावर." खोकल्यानं त्याला वाकवलं. "आता काय करायचं ते कर."

कलावती चहा गाळायची थांबली. शालींच्या पेटीकडे तिनं एकदा पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. अंबादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रितमनं पिशवीतून एक जुनं खाकी पाकीट काढलं.

"कंपनीनं सामानासोबत पाठवलं होतं. आईनं कधी उघडलंच नाही. वर लिहून आहे, बाबांच्या शर्टाच्या खिशात निघालं."

आत दोन पासपोर्ट होते. एक गुणवंतचा. दुसऱ्यातून चोवीस वर्षांचा अंबादास त्याच्याकडे पाहत होता.

"तुमचा पासपोर्ट त्यांच्यापाशी कसा काय?" प्रितमनं विचारलं. "एक महिना झाला, झोप नाही मला. काका, खरं सांगा. बाबांनी चोरला होता का?"

अंबादासनं दोन्ही पासपोर्ट हातात घेतले.

"नाही रे बाबू," तो म्हणाला. "त्याचं डोकं वरच्या पायरीवर होतं. तो वर, माझ्याकडं येऊन राहिला होता."