दहाव्या करंडकाचा पॉइंट

आमच्या टेनिस क्लबात अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं आणि कुंपणाबाहेरच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. व्हर्ना लेडबेटरची मी पस्तीस वर्षं डबल्समधली जोडीदार, पण हे कुलूप मला फारसं जमत नाही. तिचा एकेरीचा सामना असला की मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून बडबडते. समितीने दोनदा हाकललंय मला.

काय खेळायची हो व्हर्ना! चौऱ्याहत्तर साली चार्ल्सटनहून आलेल्या एका नामांकित पोरीला तिने पाऊण तासात घरी धाडलं. संध्याकाळी आम्ही दोघी गाडीच्या बॉनेटवर बसून उकडलेले शेंगदाणे खात नुसत्या खिदळत होतो. तिचा बॅकहँड बघायला गावातला न्हावी दुकान बंद करून यायचा. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

यंदा तिला दहावा करंडक हवा होता. छप्पन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून बाईसाहेब अंतिम सामन्यात पोचल्या. समोर सतरा वर्षांची कियाना रस्क, व्हर्नानेच शिकवलेली. तिसऱ्या सेटमध्ये व्हर्ना पाच-चार पुढे, मॅच पॉइंट. कियानाने जीव खाऊन मारलेला चेंडू मागच्या रेषेपाशी पडला.

"बाहेर!" व्हर्ना ओरडली. टाळ्या सुरू झाल्या.

"मिस व्हर्ना, खूण दाखवता जरा?" कियानाने विचारलं. मातीच्या कोर्टावर चेंडूची खूण उमटते, मागितली की दाखवावीच लागते.

व्हर्नाने रॅकेटने एका खुणेभोवती गोल काढला. ती आधीच्या गेममधली होती. नवी खूण रेषेला चिकटून होती, म्हणजे चेंडू आत; मला जाळीमागून दिसत होती. व्हर्ना खोटं बोलणारी नव्हे. तिला ती दिसलीच नव्हती.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल बाहेर," कियाना म्हणाली आणि हात मिळवायला नेटकडे निघाली.

व्हर्ना माझ्याकडे वळली. मी जाळी घट्ट धरून उभी होते.

"डॉटी, बाहेर असता तर एव्हाना तू गाव डोक्यावर घेतलं असतंस."

मी मान खाली घातली.

"थांब गं पोरी," ती कियानाला म्हणाली. "चेंडू आत होता. पॉइंट तुझा."

तो गेम आणि पुढचे दोन्ही कियानाने घेतले, करंडकही.

नंतर बाकावर व्हर्ना बुटांच्या नाड्या सोडत असताना मी तिला विचारलं, "कधीपासून नीट दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. चेंडूच्या आवाजावरून आत-बाहेर सांगते." तिने एक बूट काढून ठेवला. "डॉटी, गेल्या वर्षीचा शेवटचा चेंडू, मी बाहेर दिला आणि जिंकले तो. तेव्हा तू ओरडली होतीस ना गं?"

"अगं, घसा बसला होता माझा," मी म्हणाले.

ती हसली. पहिल्यांदाच त्या दिवशी. गेल्या वर्षी तो चेंडू रेषेवर पडला होता आणि मी गप्प बसले होते.